पंप बदलला, तरी लिफ्ट बसलेलीच: जुन्या ट्रॅक्टरच्या लिफ्ट आणि पीटीओबद्दल वाचकांचे प्रश्न

कागवाड-अथणीच्या काळ्या रानापासून खानापूरच्या भातखाचरांपर्यंत वीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून रोज कामावर आहेत. त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: लिफ्ट (अवजार उचलणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा) बसली, पंप बदलला, लिफ्ट काही उठेना. काही पत्रं पीटीओबद्दल, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टबद्दलही आहेत. पंप महाग असला तरी खोलायला सोपा असतो, म्हणून तो आधी बदलला जातो. दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडेच असतो. खाली दिलेली मापं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

प्रश्न: पलटी नांगर सकाळी झटक्यात उचलतो. अकरा वाजले की अर्ध्यावर येऊन थांबतो, एक्सिलेटर वाढवला तर कसाबसा वर जातो. पंप नवीन टाकला. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, पंप इंजिनच्या बाजूला आहे.
— एक वाचक, ता. कागवाड

उत्तर: थंड असताना बिघडणारी लिफ्ट आणि तापल्यावर बिघडणारी लिफ्ट हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा दुसरा आहे. थंड तेल जाड असतं. पंपाला ते ओढायला जड जातं, पण फटीतून ते सहज गळत नाही. म्हणून जाळी तुंबलेली असेल किंवा तेल फार जाड भरलं असेल तर त्रास सकाळी होतो आणि पंप कुईं आवाज करतो. तापलेलं तेल पातळ होऊन झिजलेल्या प्रत्येक फटीतून निसटतं. एक्सिलेटर वाढवल्यावर नांगर उचलला जातो, याचाही अर्थ तोच: पंप जोरात फिरला की गळती भागवून थोडं तेल शिल्लक राहतं. रिलीफ व्हॉल्व्हची (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेची) नुसती स्प्रिंग बसली असती तर एक्सिलेटरने फरक पडला नसता, कारण तो व्हॉल्व्ह दाबावर उघडतो, इंजिनच्या फेऱ्यांशी त्याला देणंघेणं नाही. (त्याच्या सीटमध्ये कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला असेल तर मात्र तो गळतीसारखाच वागतो.)

आता गळती कुठली ते शोधायचं. तेल गरम असताना नांगर हातभर उचला आणि इंजिन बंद करा. खालच्या लिंकच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, दहा मिनिटांनी परत मोजा. या वेळात नांगराखाली हात-पाय घालायचा नाही. दोन-चार सेंटिमीटर उतरला तर सोडून द्या. पण मिनिट-दोन मिनिटांत जमिनीला टेकला, तर तेल धरून ठेवणाऱ्या भागात गळती आहे: लिफ्ट सिलिंडरच्या पिस्टनची ओ रिंग, चेक व्हॉल्व्ह (तेल मागे येऊ न देणारी झडप), सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि वरचं झाकण यांच्यामधल्या छोट्या ओ रिंगा. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप बाहेर, चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे. इंजिन बंद असताना नांगर खाली आला तर पंपाचा त्यात काही दोष नाही. काही जुन्या मॉडेलांत पंप गिअरबॉक्सच्या पोटात असतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हही त्याच्याच अंगात बसवलेला असतो. तिथे हा निकाल असा सरळ लागत नाही, सिलिंडर नीट निघाला तर पंप उतरवून बघावाच लागतो.

इंजिन चालू असताना उचललेला नांगर दर काही सेकंदांनी मान डोलावल्यासारखा खाली-वर होत असेल, तर तीही हीच गळती. नांगर थोडा उतरतो, कंट्रोल व्हॉल्व्हच्या ते लक्षात येतं, तो परत उचलतो. असं दिवसभर चालतं.

नांगर टिकून राहिला तर प्रेशर गेज लावा. ० ते २५० किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) गेज ट्रॉलीच्या पाइपच्या तोंडाला बसवा, तेल त्या तोंडाकडे सोडा, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि रिलीफ उघडल्याचा चिर्र आवाज येईपर्यंत दाब वाढू द्या. पाच-दहा सेकंदांत आकडा बघून लिव्हर सोडा, त्याहून जास्त वेळ धरू नका. जुन्या ३५ ते ५० एचपी ट्रॅक्टरांत हा दाब साधारण १५० ते २०० किलोच्या दरम्यान असतो. हेच माप सकाळी थंडीत एकदा आणि अकरा वाजता एकदा घ्या. दोन्ही वेळा सारखाच कमी असेल तर रिलीफ बघा. सकाळी पुरेसा आणि तापल्यावर खूप खाली गेलेला असेल तर पंप, पंपाच्या प्रेशर पाइपची ओ रिंग, किंवा कचऱ्याने उघडा राहिलेला रिलीफ.

नवा पंप दोन दिवसांतच का बसला, हा खरा प्रश्न आहे. जुना पंप झिजतो तेव्हा त्याचा धातू तेलातच जातो. टाकी न धुता, जाळी आणि फिल्टर तसाच ठेवून नवा पंप जोडला की तोच चुरा नव्या पंपाच्या अंगावरून फिरतो. पंप कोरडा बसवून लगेच एक्सिलेटर दिला तरी पहिल्याच मिनिटात ओरखडे पडतात. पंपात तेल ओतून, हाताने दोन-चार फेरे फिरवून मगच तो जोडावा आणि पहिली पाच मिनिटं इंजिन आयडलवर ठेवावं.

पलटी नांगर वापरणाऱ्यांनी आणखी एक जागा तपासावी, जी सहसा कुणी बघत नाही. नांगर पलटवणाऱ्या स्पूलची (तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्याची) लिव्हर काम झाल्यावर मधल्या जागी परत येते का? ती चिकटून तशीच राहिली तर पलटी सिलिंडर टोकाला पोचलेला असतो आणि पंपाचं सगळं तेल रिलीफमधून धावत राहतं. मिनिटाला २० लिटर तेल १७० किलो दाबावर असं वाया गेलं तर साधारण साडेपाच किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे न्हाणीघरातले दोन-दोन किलोवॅटचे जवळपास तीन गिझर तेलात सोडल्यासारखं. अकरापर्यंत तेल पातळ न झालं तरच नवल. लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर चिर्र आवाज थांबत नसेल तरी हेच होतं. तिथे लिव्हरचा वरचा थांबा किंवा आतली लिंकेज ॲडजस्ट करायची असते.

सिलिंडरच दोषी ठरला तर झाकण उतरवण्याआधी नांगर काढा, दोन्ही आर्म पूर्ण खाली आणा, इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा हलवा म्हणजे अडकलेला दाब निघून जाईल. झाकण एकट्याने उचलायचं नाही, चेन ब्लॉक लावा. पिस्टनच्या खाचेत ओ रिंगबरोबर बॅकअप रिंग असते. ती ओ रिंगच्या पाठीशी, म्हणजे दाब येतो त्याच्या उलट बाजूला बसली पाहिजे. उलटी बसवली तर नवी ओ रिंग दाबाने फटीत ढकलली जाऊन कातरली जाते, आणि महिन्याभरात तेच झाकण परत उतरवायची वेळ येते. सिलिंडरच्या आतून नख फिरवा. नखाला ओरखडा लागला तर कितीही चांगली ओ रिंग टिकणार नाही. होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) किंवा नवी स्लीव्ह हाच उपाय.

प्रश्न: चिखलणी झाल्यावर लिफ्टचं तेल दुधासारखं झालं आहे. तसंच चालवलं तर चालेल का? बदलायचं तर एकदाच बदलून भागेल?
— खानापूर तालुक्यातून

उत्तर: आधी ते पाणी आहे की हवा, हे ठरवा. काचेच्या बाटलीत तेल काढून रात्रभर ठेवा. सकाळी फेस बसून तेल पुन्हा स्वच्छ झालं तर ती हवा होती: तेलाची पातळी कमी आहे किंवा सक्शन पाइपची ओ रिंग तडकली आहे. दुधी रंग तसाच राहिला, किंवा तळाला पाण्याचा थर जमला, तर पाणी. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका (डोळे लांब ठेवून). तडतडला की पाणी आहे.

चालवू नका. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं, त्यामुळे हे पाणी फक्त लिफ्टपुरतं राहत नाही. बेअरिंगांवर खड्डे पडतात. आणि भात लावून झाल्यावर ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहिला तर कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलवर गंज धरतो, मग लिव्हर हलवली तरी स्पूल हलत नाही.

ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी, इंजिन सुरू न करता, ड्रेन प्लग थोडा सैल करा. सुटं झालेलं पाणी आधी येतं, ते जाऊ द्या. नंतर प्लग घट्ट करून ट्रॅक्टर अर्धा तास रिकामा फिरवा आणि तेल गरम असतानाच सगळं काढा. ड्रेन प्लग एकच नसतो. गिअरबॉक्सचा वेगळा, डिफरन्शियलचा वेगळा, काही मॉडेलांत मागच्या चाकांच्या फायनल ड्राइव्हचेही वेगळे असतात. एक विसरला तर दोन-चार लिटर दूध आत राहून नवं तेलही खराब करतं. जाळी डिझेलने धुवा, कागदी फिल्टर असेल तर टाकून द्या.

त्याच ग्रेडचं स्वस्तातलं तेल गजाच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) खालच्या खुणेपर्यंत भरा, वीस मिनिटं बिनओझ्याची लिफ्ट खाली-वर करा, गिअर सगळे फिरवा, आणि तेही गरम असताना काढा. मगच चांगलं तेल भरायचं. म्हणजे एका बदलाने भागत नाही, दोन लागतात. पैसे वाचवायला नुसतं डिझेल भरून ट्रॅक्टर चालवणारे आहेत. डिझेलमध्ये पंपाला आणि गिअरला वंगण पुरत नाही. वॉशसाठी डिझेल वापरायचंच तर इंजिन बंद ठेवून, प्लग उघडे ठेवून वरून ओतावं आणि पूर्ण निथळू द्यावं.

पाणी कुठून शिरलं ते शोधलं नाही तर पुढच्या आषाढात हेच. केजव्हील लावून चिखलात एक्सलपर्यंत ट्रॅक्टर जातो, तेव्हा एक्सलची आणि ब्रेक शाफ्टची ऑइल सील तपासा. गिअर लिव्हरखालचं फाटलेलं रबर, गजाचं सैल झाकण आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची जागा) या तीन जागांतून धुताना पाणी जातं. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा ब्रीदरवर मारू नये, तिथे पॉलिथीन बांधावं.

प्रश्न: एक्सलच्या सीलमधून तेल गळतं म्हणून फिटरने १४० नंबरचं जाड तेल भरलं. गळती कमी झाली, पण सकाळी लिफ्ट उचलायला पाच मिनिटं घेते.
— हुक्केरी तालुका

उत्तर: गळती सीलची होती, शिक्षा पंपाला झाली. जाड तेल थंडीत जाळीतून ओढलं जात नाही, पंपात पोकळी तयार होते आणि त्या पोकळीचे बुडबुडे फुटताना धातूचे कण उडतात. सील बदला, पुस्तकातलं तेल भरा. ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक असतील तर यूटीटीओ प्रकारचंच (गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना चालणारं) तेल घ्यावं, साधं गिअर तेल नको. नाहीतर ब्रेक किरकिरतात.

प्रश्न: डंपिंग ट्रॉली जोडली की नांगराची लिफ्ट मंद होते. ट्रॉली वर जाते, पण खाली यायला दहा मिनिटं लागतात. कधी कधी येतच नाही.
— सदलगा भागातून, ता. चिक्कोडी

उत्तर: ट्रॉलीच्या जॅकमध्ये जाणारं तेल तुमच्या ट्रॅक्टरच्या टाकीतलंच असतं. किती, ते मोजता येतं. जॅकचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि उचल १ मीटर असेल तर तो भरायला जवळपास ८ लिटर तेल लागतं. गजावर तेल आधीच खालच्या खुणेला असेल तर ट्रॉली वर गेल्यावर पंपाची जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि लिफ्ट बसते. म्हणून जॅक पूर्ण खाली असताना गज बघायचा आणि वरच्या खुणेपर्यंत तेल ठेवायचं. जॅक वर असताना भरून टाकलं तर ट्रॉली खाली आल्यावर तेच तेल ब्रीदरमधून बाहेर येईल.

खाली येत नाही याचं पहिलं कारण क्विक कपलर. आतला बॉल पूर्ण दाबला गेला नाही तर पंपाच्या दाबाने तेल जॅककडे ढकललं जातं, पण परतीच्या वाटेला रिकाम्या ट्रॉलीचं वजन तो बॉल उघडू शकत नाही. कपलर स्वच्छ पुसून, कॉलर टक असा आवाज होऊन पुढे येईपर्यंत दाबा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कपलर बाहेरून बसतात, आत बॉल पुरता उघडत नाही, जोडीनेच बदला. तरीही मंदच असेल तर ट्रॅक्टरच्या सीटखालचा रिस्पॉन्स नॉब (लिफ्ट उतरण्याचा वेग ठरवणारा) बघा. काही मॉडेलांत तो बाहेरच्या पाइपलाही लागू होतो.

ट्रॉली नवी जोडल्यावर रिकामी तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा टाकीत परत येईल. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावलेली ट्रॉली असेल तर तिच्या जॅकमधलं जुनं तेल तुमच्या टाकीत येणार, हे लक्षात ठेवा. ऊस हंगामात ट्रॉल्या हातोहात फिरतात आणि चांगल्या तेलात कचरा येतो तो बहुतेक असाच. वर उचललेल्या ट्रॉलीखाली काम करायचं तर लोखंडी टेकू दिल्याशिवाय शिरू नका. पाइप गळतो का ते बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून १५० किलो दाबाने निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं, आणि जखम बाहेरून मुंगी चावल्याएवढीच दिसते. पुठ्ठा फिरवा, त्यावर डाग पडेल. तेल कातडीत गेलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

प्रश्न: सहा फुटी रोटर (रोटाव्हेटर) काळ्या रानात मध्येच थांबतो. इंजिन चालूच असतं. फिटर म्हणतो पीटीओची क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर तोडावा, म्हणजे मधून खोलून दोन भाग करावे लागतील. खरं का?
— अथणी तालुक्यातून

उत्तर: ट्रॅक्टर तोडण्याआधी खडूचा एक तुकडा घ्या. रोटरच्या शाफ्टवर स्प्रिंगांचा स्लिप क्लच असेल, तर सगळ्या प्लेटा आणि बाहेरचं घर यांवरून एक सरळ रेघ ओढा. रोटर रानात घाला आणि थांबला की पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग रेघ बघा. रेघ तुटून प्लेटा सरकलेल्या दिसल्या तर घसरतोय तो रोटरचा स्लिप क्लच, ट्रॅक्टर ठीक आहे. रेघ जशीच्या तशी आणि शाफ्टच फिरायचा थांबला असेल, तर ट्रॅक्टरची पीटीओ क्लच प्लेट घसरते. शाफ्ट फिरतोय आणि पाती थांबलीत, तर शिअर बोल्ट तुटला आहे किंवा बाजूची चेन, गिअर गेला आहे. शिअर बोल्टच्या जागी जास्त कडक बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटतो.

इंजिनचा आवाज बसतो, काळा धूर येतो आणि मग रोटर थांबतो, असं असेल तर क्लचचा संबंधच नाही, ताकद कमी पडते. सहा फुटी रोटरला साधारण ४५ ते ५० एचपी लागते. ३५ एचपीला पाच फुटीच बरा. पीटीओ ५४० फेरे नक्की किती आरपीएमला देतो ते मीटरवरच्या खुणेवरून बघा आणि इंजिन तिथे ठेवा. काळ्या रानात वाफसा गेल्यावर ढेकळं दगडासारखी होतात, त्यात पूर्ण खोलीवर रोटर घालणं म्हणजे क्लचशी वैर. पहिली फेरी उथळ, लो गिअरमध्ये, दुसरीत खोली. उसाची खोडकी काढलेल्या रानात पात्यांना गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्याही रोटर अडवतात, ते आधी बघा.

स्लिप क्लच घसरत असेल तर लगेच स्प्रिंगा आवळत सुटू नका. पावसाळ्यात प्लेटा गंजून चिकटतात, किंवा ग्रीस पडून गुळगुळीत होतात. सगळे नट सारखे दोन फेरे सैल करा, रोटर जमिनीत टेकवून पीटीओ क्षणभर जोडा म्हणजे प्लेटा एकमेकींवर घासून सुटतील, मग रोटरच्या पुस्तकात दिलेल्या स्प्रिंगच्या लांबीपर्यंत सगळ्या सारख्या आवळा. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली तर तो स्लिप क्लच उरत नाही, नुसता जोड होतो.

दोष ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये असेल तरी आधी बेल हाउसिंगच्या तळाचं छोटं भोक बघा, ज्यात स्प्लिट पिन लटकते. तिथून काळं तेल ठिबकत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलं आहे. पिवळसर गिअर तेल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. प्लेट तेलकट झाली की ती घसरणारच, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच जाईल. भोक कोरडं असेल तर बाजूची खिडकी उघडून फिंगर (क्लच सोडवणारे आतले छोटे लिव्हर) बघा. दुहेरी क्लचमध्ये पीटीओच्या प्लेटसाठी वेगळे ॲडजस्टिंग बोल्ट असतात. फीलर गेजने प्रत्येकाची फट पुस्तकाप्रमाणे आणि एकमेकांसारखी करायची. पेडलला फ्री प्ले अजिबात नसेल तर प्लेट कायम अर्धवट सुटलेली राहते आणि जळते. २० ते ३० मिलिमीटर तरी पेडल हलकं हलायला हवं. नुसत्या ॲडजस्टमेंटने भागलं तर ट्रॅक्टर तोडायचा खर्च वाचला.

प्रश्न: पाचट कुट्टी चालू असताना क्लच पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर दोन-तीन हात पुढे जातो. आणि क्लच दाबला की लिफ्टही थांबते. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा आहे.
— उगार भागातून

उत्तर: दोन्ही गोष्टी तुमच्या ट्रॅक्टरच्या रचनेतच आहेत. लिफ्टचा पंप गिअरबॉक्समधून चालत असेल तर क्लच दाबल्यावर त्याला फिरवायला कुणी नसतं. वळताना नांगर आधी उचला, मग क्लच.

ट्रॅक्टर पुढे जातो तो कुट्टीच्या जड ड्रममुळे. इंजिन सुटलं तरी ड्रमचा वेग पीटीओ शाफ्टमार्गे गिअरबॉक्स उलटा फिरवतो, म्हणजे कुट्टीच ट्रॅक्टर ढकलते. बांधावर, विहिरीच्या काठी हे जिवावर बेतू शकतं. पीटीओच्या टोकावर ओव्हररनिंग कपलर बसवा. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने जोर देतो. त्याने शाफ्टची लांबी वाढते, तेवढी नळी कापावी लागेल, ते विसरू नका.

प्रश्न: पीटीओचं ऑइल सील वर्षात तीनदा बदललं. का जातं?
— कडोली परिसर, ता. बेळगाव

उत्तर: सील सहसा स्वतःहून जात नाही. शाफ्टवर जिथे सीलचा ओठ बसतो तिथे नखाला खाच लागते का बघा. लागली तर स्लीव्ह घाला किंवा सील दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर बसवा म्हणजे ओठ नव्या जागी टेकेल. शाफ्ट हाताने खाली-वर हलवा. खडखडला तर मागचं बेअरिंग गेलं आहे, आणि त्यावर कुठलंच सील टिकणार नाही.

बेअरिंग कशाने जातं? बहुतेक लांब जॉइंट शाफ्टने. अवजार उचलताना एका टप्प्यावर दोन्ही जोडांतलं अंतर सर्वांत कमी होतं. तिथे आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकली तर लिफ्टचा सगळा जोर पीटीओ शाफ्टवर आडवा येतो. अवजार हळूहळू वर-खाली करून ती जागा शोधा आणि तिथे किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा राहील एवढ्या दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड सारखे कापा. उलट, सर्वांत लांब अवस्थेतही नळ्या एकमेकींत एक तृतीयांश तरी शिरलेल्या हव्यात. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत बसवा. एक फिरवून बसवला तर शाफ्ट दर फेऱ्याला दोनदा झटका देतो. क्रॉसला (काट्यांमधल्या जोडाला) आठ तासांनी ग्रीस, आणि रोटर उचलताना पीटीओ बंद.

त्या गार्डविषयी, कारण या भागात तो पहिल्याच हंगामात काढून टाकतात. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. ३५ मिलिमीटरच्या उघड्या शाफ्टवर सेकंदाला जवळपास एक मीटर कापड गुंडाळलं जातं, काट्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. सोयाबीनच्या मळणीला बायकामाणसं शाफ्टजवळूनच बुट्ट्या नेतात. पदर, टॉवेल, लुंगी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. नवा प्लास्टिक गार्ड आणि त्याची साखळी क्रॉसबरोबरच घेऊन या.

प्रश्न: सपाट रानातही नांगर आपोआप खोल-उथळ होतो. लिफ्ट गळत नाही, ते तपासलं आहे.
— निपाणीहून

उत्तर: मग लिफ्ट सांगितलेलंच करते आहे. ड्राफ्ट कंट्रोल नांगरावरचा ओढ बघून खोली बदलतं. ही फर्ग्युसनची पद्धत १९३६ सालच्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरपासून चालत आली आहे. टॉप लिंक जिथे अडकते त्या स्प्रिंगच्या काट्याला धरून पुढे-मागे हलवा. तो सैल हलत असेल तर कंट्रोलला खोटा निरोप जातो. स्प्रिंगचा नट आवळून तो सैलपणा घालवा. नंतर पिना बघा. कॅटेगरी दोनच्या नांगराला खालची पिन २८ मिलिमीटरची आणि कॅटेगरी एकच्या नांगराला २२ मिलिमीटरची लागते. २८ च्या बॉलमध्ये २२ ची पिन नुसती घातली तर तेवढा खडखडाट प्रत्येक झटक्याला खोली बदलतो, बुश घाला. टॉप लिंक वरच्या भोकात की खालच्या, तेही पुस्तकात बघा, संवेदना त्यावर बदलते. रोटर, पेरणी यंत्र आणि फवारणीला मात्र ड्राफ्ट लिव्हर वापरू नका, पोझिशन कंट्रोलवरच (ओढ न बघता ठरलेली उंची धरणाऱ्या लिव्हरवर) चालवा.

प्रश्न: लिफ्टची ताकद वाढवायला रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर घातलं तर चालतं म्हणतात.
— रायबाग तालुका

उत्तर: चालतं, लिफ्टचं झाकण तडकेपर्यंत. गळती असेल तर वायसरने दाब वाढतच नाही, फक्त पंप जास्त घासतो. गळती नसेल तर दाब खरोखर वाढतो आणि तो ओतीव झाकण, लिफ्ट शाफ्ट आणि पाइप यांच्यावर पडतो. जुना ट्रॅक्टर विकत घेत असाल तर गेज लावूनच बघा: आकडा पुस्तकापेक्षा २०-३० किलोंनी जास्त दिसला तर आत कुणीतरी वायसर घातलेलं आहे. ते काढा, नवी स्प्रिंग घाला आणि गरम तेलावर परत मोजा.